बाबांना तेव्हा भूक होती का?

पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीच्या विनंतीवरून तिचं नाव देत नाही. पत्र बरंच मोठं आहे, म्हणून त्यातला मुख्य भाग आधी सांगते.

तिचं वय ४६. लहानपणी महिन्यातून एकदा वडील तिला, आईला आणि तिच्याहून सहा वर्षांनी मोठ्या भावाला घराजवळच्या एका रेस्टॉरंटमध्ये न्यायचे. खिडकीशेजारचं टेबल ठरलेलं. बाबांनी मेनूकार्ड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं आणि मग दर वेळी तेच मागवायचं, हेही ठरलेलं. आई चार वर्षांपूर्वी गेली. रेस्टॉरंट मात्र अजून चालू आहे. गेल्या महिन्यात ही आपल्या १५ वर्षांच्या मुलीला आणि ११ वर्षांच्या मुलाला मोठ्या हौसेनं तिथे घेऊन गेली. मुलांना काही म्हणजे काहीच वाटलं नाही. मुलगी फोनमध्ये, मुलगा ‘आपण नेहमीच्या ठिकाणी का नाही गेलो’ म्हणून कुरकुरत. बिल येईपर्यंत हिनं तोंड मिटून धरलं, मग मात्र दोघांनाही बोल बोल बोलली. घरी येताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही.

त्याच रात्री तिनं घरच्या ग्रुपवर ‘आपल्या आवडत्या जागा’ अशी यादी टाकली आणि त्यात सगळ्यात वर या रेस्टॉरंटचं नाव लिहिलं. दोन-चार अंगठे आले. मग भावाचा मेसेज आला: ‘तुला ते दिवस मजेचे आठवतात हे वाचून बरं वाटलं. मला एवढंच आठवतं की बाबा आपल्या तिघांसाठी मागवायचे आणि स्वतः भूक नाही म्हणायचे.’

मैत्रिणीचे प्रश्न तीन आहेत. मुलांना पुन्हा न्यावं की नाद सोडून द्यावा? माझं खरं की दादाचं? आणि ७९ वर्षांचे बाबा आता बाहेर जेवायलाच येत नाहीत, ‘तिथली चव गेली’ म्हणतात, त्यांना आग्रह करावा का? पत्राच्या अगदी शेवटी तिनं लिहिलंय, ‘दादानं माझं बालपण एका ओळीत पुसून टाकलं असं वाटतंय.’

* * *

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा मुलांचाच प्रश्न मोठा वाटला, कारण तुम्ही त्यावर जास्त लिहिलंय. तिसऱ्यांदा वाचल्यावर लक्षात आलं की खरी कळ दादाच्या त्या ओळीत आहे. म्हणून मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते.

तुम्ही आठ वर्षांच्या होतात तेव्हा दादा चौदाचा होता. टेबल एकच, पण आठ वर्षांच्या मुलीला त्या टेबलावर जे दिसतं ते चौदा वर्षांच्या मुलाला दिसतं त्याहून अगदी वेगळं असतं. तुम्हाला खिडकी दिसत होती, येणारी-जाणारी माणसं दिसत होती, आपल्यासमोर येणारी प्लेट दिसत होती. दादाला बाबांसमोरची रिकामी जागा दिसत होती. यात कोणी खोटं बोलत नाही आणि कोणी कोणाचं पुसतही नाही.

स्मरणशक्तीबद्दल आपली एक समजूत असते की डोक्यात कुठेतरी प्रसंग जसाच्या तसा ठेवलेला आहे आणि आपण तो फक्त बाहेर काढतो. तसं ते चालत नाही. केंब्रिजमधले मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली आपल्या प्रयोगांबद्दल लिहिलं. त्यांनी इंग्लंडमधल्या लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली आणि पुढे काही दिवसांनी, काही महिन्यांनी ती पुन्हा सांगायला लावली. लोक कथा सांगत होते, पण आपल्या ओळखीची करून. कथेतली माणसं सीलच्या शिकारीला जातात. सांगणाऱ्यांनी त्यांना मासे धरायला पाठवलं. जे परकं होतं ते गळून गेलं, जे जुळलं नाही ते जुळवलं गेलं. कोणी मुद्दाम बदललं नव्हतं. आठवण दर वेळी नव्यानं रचली जाते आणि रचताना आपण आपल्या समजुतीचं सामान वापरतो. तुमची आठवण तुम्ही चाळीसेक वर्षं आनंदाच्या सामानानं रचत आलात, दादानं काळजीच्या. म्हणजे दोघांच्याही गोष्टीत थोडं नंतरचं भरलेलं असणार. पण बाबा भूक नाही म्हणायचे, ही इतकी साधी आणि नेमकी गोष्ट एखाद्यानं मनानं रचावी असं मला वाटत नाही.

आणि आता एक सांगू का? दादाचा मेसेज वाचून झाल्यावर मी तुमच्या पत्राच्या पहिल्या पानाकडे परत गेले. तुम्ही लिहिलंय, बाबा मेनूकार्ड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे आणि मग तेच मागवायचे, त्याचं आम्हाला हसू यायचं. पहिल्या वाचनात मीही हसले होते. दुसऱ्या वेळी मात्र मला तुमचे बाबा मेनूकार्डाच्या उजव्या कडेवरून बोट खाली-खाली नेताना दिसले. पदार्थांची नावं डावीकडे असतात, आकडे उजवीकडे. महिन्यातून एकदा तिघांना घेऊन यायचं, खिडकीजवळ बसवायचं आणि तीनच प्लेटा मागवायच्या, त्याही मुलांना कळणार नाही अशा बेतानं. हे माझ्या मनाचं असेल. खरं काय ते बाबाच सांगू शकतील. पण ते खरं असलं तर तुमच्या आठवणीतला आनंद खोटा ठरत नाही, उलट तो कोणी आणि कशातून उभा केला ते कळतं. तुमच्यापर्यंत काळजी पोचू नये म्हणून जे केलं ते तुमच्या बाबतीत पुरतं साधलं. दादा मोठा होता, त्याच्यापासून ते लपलं नाही. इतकी वर्षं तो ते एकट्यानं सांभाळत बसला.

अमेरिकेत अटलांटा इथल्या एमोरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश हे दोन मानसशास्त्रज्ञ कुटुंबातल्या गोष्टींचा अभ्यास करत आले आहेत. सुरुवातीचं निरीक्षण ड्यूक यांच्या पत्नी सारा यांचं. शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांबरोबर काम करताना त्यांना दिसलं की ज्या मुलांना आपल्या घराबद्दल जास्त माहिती असते ती अडचणींना जास्त नीट तोंड देतात. मग २० प्रश्नांची एक यादी तयार झाली: आजी-आजोबा कुठे वाढले हे तुला माहीत आहे का, आई-वडील कसे भेटले हे माहीत आहे का, घरात कोणावर मोठं संकट आलं होतं ते माहीत आहे का. ज्या मुलांना जास्त उत्तरं येत होती त्यांच्यात आत्मविश्वास जास्त दिसला, आपल्या आयुष्यावर आपला काही ताबा आहे ही जाणीवही जास्त दिसली. याचा अर्थ मुलांकडून उत्तरं पाठ करून घेतली की झालं, असा नव्हे, हे ड्यूक स्वतः बजावून सांगतात. ज्या घरांत अशी उत्तरं माहीत असतात तिथे माणसं एकत्र बसलेली असतात, जेवताना, प्रवासात बोललेली असतात. गुण त्या बसण्याचा आहे.

तुमच्या उपयोगाचं पुढे आहे. ड्यूक म्हणतात, घरं आपली गोष्ट तीन तऱ्हांनी सांगतात. एक, आपल्याकडे काही नव्हतं, कष्ट केले, वर आलो. दोन, सगळं होतं आणि गेलं. तिसरी तऱ्हा चढ-उतारांची: बरे दिवस होते, वाईट आले, मधे फार ओढाताण झाली, पण आपण एकमेकांना धरून राहिलो. मुलांना सगळ्यात बळ देते ती ही तिसरी. आतापर्यंत तुमच्या घराची गोष्ट तुमच्याकडे अर्धी होती, म्हणजे खिडकीची. दादाकडे उरलेली अर्धी होती, रिकाम्या जागेची. त्यानं ती ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिली हे तुम्हाला लागलं, ते मी समजू शकते. फोन करून सांगितली असती तर बरं झालं असतं. पण इतक्या वर्षांत कधी विषय निघाला नसेल आणि तुमची यादी बघून तो निघाला असेल, तर ते चांगलंच झालं.

तेव्हा त्याला ग्रुपवर उत्तर देऊ नका. फोन करा. ‘मला हे माहीतच नव्हतं, तुला अजून काय आठवतं?’ एवढंच विचारा आणि ऐकत राहा. ‘पण मला तर असं आठवतं’ हे वाक्य त्या दिवसापुरतं गिळा. तुमच्या आठवणी त्याला नंतर सांगा. त्यालाही त्या हव्या असतील. बाबांना त्या टेबलावर हसताना बघायची उसंत त्याला मिळालीच नसेल.

माझ्या घरची एक गोष्ट सांगते. लहानपणी आम्ही ज्या एका ठिकाणी जायचो तिथे आई नेहमी स्वयंपाकघराच्या दाराजवळची खुर्ची घ्यायची. दार सारखं ढकललं जायचं, आतली गरम हवा तिच्या पाठीवर यायची, वाढपी तिच्या खुर्चीला घासून जायचे. मला वाटायचं, आईला ती जागा आवडते. मोठी झाल्यावर कुठेही गेलो की मी तिच्यासाठी आपण होऊन तशीच जागा धरायची. असं कित्येक वर्षं चाललं. एकदा तिला विचारलं, ‘तुला दाराजवळच का लागतं गं?’ ती म्हणाली, ‘मला कुठे लागतं? तेव्हा तुझा भाऊ रडका होता. रडला की लोकांना त्रास नको म्हणून त्याला घेऊन पटकन मागच्या बाजूला जाता यावं, म्हणून बसायचे.’ मी तिला तिच्या न आवडत्या खुर्चीत वर्षानुवर्षं बसवत होते. विचारायला अर्धं मिनिटही लागलं नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगते, बाबांना विचारा. ७९ म्हणजे काही उशीर झालेला नाही, पण पुढच्या सुट्टीपर्यंत थांबूही नका.

आता बाबांच्या न येण्याबद्दल. ‘तिथली चव गेली’ हे त्यांचं म्हणणं तुम्ही रेस्टॉरंटवरचा शेरा म्हणून घेतलंय. तो बाबांच्या नाकाबद्दलचा निरोपही असू शकतो. आपण जिला चव म्हणतो तिच्यातला फार मोठा भाग वासाचा असतो. घास चावताना त्याचा वास घशामागून वर नाकात जातो आणि जिभेवरच्या गोड-आंबट-खारटाशी मिसळून ‘चव’ होते. सर्दी झाली की जेवण पाणचट लागतं ते यामुळेच. वय वाढतं तसं वास ओळखणं मंदावतं, ऐंशीच्या आसपास तर बऱ्याच जणांचं. ते इतकं हळूहळू होतं की माणसाला आपलं नाक बदललंय असं वाटत नाही, आचारी बदललाय असं वाटतं. वास अचानक गेला असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, तिथे वयावर ढकलून गप्प बसू नका.

याच वासाची दुसरी बाजूही आहे. नाकात वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर असतात, म्हणजे वासाचे कण ओळखणारी टोकं. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ साली नोबेल मिळालं. बाकीच्या इंद्रियांचे निरोप मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जातात. वासाचा निरोप त्या नाक्यावर न थांबता भावना आणि आठवणींच्या भागांशी थेट जाऊन भिडतो. म्हणून एखाद्या वासानं माणूस काही कळायच्या आत चाळीस वर्षं मागे जातो. तुम्ही त्या रेस्टॉरंटच्या दारातून आत पाऊल टाकलंत आणि डोळे भरून आले असं लिहिलंय. ते दारातच झालं, टेबलापर्यंत पोचायच्या आधी. मुलांच्या नाकात तोच वास गेला, पण त्यांच्या बाबतीत त्या वासाला जोडलेलं काहीच नव्हतं. त्यांच्याकडून तुम्ही ज्याची अपेक्षा धरलीत ते त्यांना जमण्यासारखंच नव्हतं.

बाबांकडे परत येते, कारण चवीखेरीज आणखी एक गोष्ट मला दिसते. तुम्ही सहज लिहून गेलात की ‘मागच्या वाढदिवसाला ते आले खरे, पण गप्प बसून होते, आम्ही बोलत होतो आणि ते नुसते मान हलवत होते.’ त्यांच्या कानांची तपासणी कधी झाली आहे? वयानुसार ऐकू येणं कमी होतं ते आधी उंच पट्टीच्या आवाजांपासून. ‘स’, ‘श’, ‘फ’ असे आवाज निसटतात. बोलणं ऐकू येतं, पण शब्द लागत नाही. घरात दोघांत बोलताना चालून जातं. दहा टेबलांच्या गलक्यात ते चालत नाही. त्यात गोंगाट वाढला की प्रत्येक माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रान्समधले कानाचे डॉक्टर एतिएन लोम्बार्ड यांनी १९११ साली हे टिपलं आणि आजही त्याला त्यांचंच नाव आहे. एक टेबल मोठ्यानं बोलतं, शेजारचं त्याहून मोठ्यानं, आणि अर्ध्या तासात सगळं सभागृह ओरडत असतं. अशा वेळी ७९ वर्षांचा माणूस मान हलवतो आणि पुढच्या वेळी म्हणतो, ‘तुम्ही जा, मला नको.’

म्हणून आग्रह करू नका, बेत बदला. गर्दीच्या वेळेआधी तासभर जा, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी. आदल्या दिवशी फोन करून कोपऱ्यातलं, भिंतीला लागून असलेलं टेबल सांगून ठेवा, स्पीकरपासून लांबचं. बाबांची पाठ भिंतीकडे, म्हणजे मागचा गलका थांबेल. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा, ओठ दिसले की अर्धं काम होतं. ज्या कानानं बरं ऐकू येतं त्या बाजूला तुम्ही किंवा दादा बसा. आणि पहिल्या वेळी बारा जणांचं लटांबर नको. तुम्ही, दादा आणि बाबा, तिघंच.

खिडकीचं टेबल मात्र स्वतःहून धरू नका. ते चौघांचं टेबल होतं. तिथे बसलं की चौथी खुर्ची दिसणार. बाबा येत नाहीत त्याचं एक कारण कदाचित तेही असेल आणि ते कधी बोलून दाखवणार नाहीत. आत गेल्यावर ‘कुठे बसू या?’ असं त्यांनाच विचारा. ते खिडकीकडे गेले तर जाऊ द्या, कोपऱ्यात गेले तरी जाऊ द्या. गलक्याचा विचार त्या दिवशी दुय्यम.

त्यांच्याशी बोलायची सुरुवात तुमच्या बालपणापासून करू नका. माणसाला उतारवयात सगळ्यात ठळक आठवतो तो साधारण दहा ते तीस वर्षांमधला काळ. तिथे आठवणींचा उंचवटा असतो, असं अभ्यासकांना वारंवार दिसलं आहे. तुम्ही खिडकीशी बसत होतात तेव्हा बाबांचा तो काळ संपला होता. त्यांना विचारा, पहिल्या पगारातून कुठे जेवला होतात? आईला पहिल्यांदा बाहेर कुठे नेलं होतं? तिनं काय मागवलं, कोण जास्त बोललं? ही उत्तरं तुम्हाला आणि दादाला दोघांनाही माहीत नसणार, म्हणजे त्यांवरून तुमच्यात वादही नाही. फोन टेबलावर ठेवून आवाज रेकॉर्ड करा, मात्र आधी त्यांना सांगून. ‘भूक नाही’ची गोष्ट त्यातून आपसूक निघेल. नाही निघाली तर दादा काढेल. ते काम त्याचं आहे.

मुलांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ती काळजी मला तितकी मोठी वाटत नाही. आवडती जागा आईकडून मुलांना वारसा म्हणून मिळत नाही. ती जाऊन-जाऊन होते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ साली लोकांना अर्थ नसलेले शब्द, अनोळखी लिपीसारख्या खुणा, अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले. जे जास्त वेळा दाखवलं ते लोकांना जास्त आवडलं, बाकी कारण काहीही नसताना. ते रेस्टॉरंट तुम्हाला पहिल्याच भेटीत आवडलं होतं का, आठवून बघा. तुम्ही तिथे महिन्याला एकदा गेलात, वर्षानुवर्षं. मुलांना तुम्ही एका संध्याकाळी घेऊन गेलात आणि तेवढंच प्रेम मागितलंत.

ती संध्याकाळ जशी संपली त्याचा विचार मात्र करा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात एक मिनिट हात धरायला लावला. दुसऱ्या वेळी तेच एक मिनिट, पण त्याला जोडून आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू एका अंशानं कोमट होत गेलं. तिसऱ्यांदा कुठला प्रकार पुन्हा करायला आवडेल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला निवडला. त्रास एकूण जास्तच होता, पण शेवट जरा बरा होता. आठवणीत शेवट वजनदार असतो. तुमच्या मुलांच्या हातात त्या रेस्टॉरंटचा शेवट म्हणून बिलाच्या वेळचं बोलणं आणि गाडीतली शांतता आली. रागावलात म्हणून मी तुम्हाला दोष देत नाही, तुम्ही दुखावल्या होतात. पण एकदा त्यांना सांगा की त्या दिवशी मी तुमच्यावर चिडले ते तुमच्यामुळे नाही, मला आजीची आठवण येत होती. पंधरा वर्षांच्या मुलीला हे कळतं.

आणि तुमचा मुलगा ज्याला ‘नेहमीचं ठिकाण’ म्हणतो ना, तिथे जा. तुम्हाला ते आवडत नाही हे पत्रातून दिसलंच मला. तरी जा. ते त्यांचं खिडकीजवळचं टेबल आहे. मुलगी तर त्या दहा ते तीसच्या उंचवट्यावर चढायला लागली आहे. साठ वर्षांनी ती जे सांगत बसेल ते आत्ता, या दिवसांत घडतंय. तिथे कोण कुठे बसतं ते बघा. मुलगा मेनूकार्डातलं काय आधी वाचतो ते बघा. तुमच्या बाबांच्या बोटाची गोष्ट त्यांना जर कधी सांगायची असेल तर ती तिथे सांगा, त्यांच्या जागेत. तुमच्या जुन्या रेस्टॉरंटमध्ये न्यायची घाई करू नका. गोष्ट ऐकल्यावर मुलं बहुधा आपण होऊनच विचारतील की ते टेबल नेमकं कुठलं होतं.

तुमच्या यादीबद्दल एक राहिलं. यादी वाईट नाही, पण तिच्यात तुम्ही प्रत्येक नावापुढे ‘चव मस्त’, ‘सर्व्हिस छान’ असं लिहिलंय. त्यातून घरच्या माणसाला काय कळणार? अंगठाच देणार तो. प्रत्येक जागेपुढे एकच वाक्य लिहा, ज्यात माणूस असेल. कोण कुठे बसायचं, कोणाच्या हातून काय सांडलं, कोणाची लग्नाची बोलणी तिथे झाली, परीक्षेच्या निकालानंतर कोण तिथे जेवलंच नाही. मग बघा, ग्रुपवर माणसं आपली वाक्यं घालायला लागतात की नाही. दादानं तरी दुसरं काय केलं? तुमच्या यादीला पहिलं खरं वाक्य त्यानंच जोडलं. ते तसंच राहू द्या, खोडू नका, आणि त्याच्याखाली तुमचं लिहा.

फोटो काढाल तर ताटल्यांचे काढू नका. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांना संग्रहालयात फिरवलं, तर ज्या वस्तूंचे पूर्ण फोटो त्यांनी काढले होते त्या नुसत्या बघितलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. कॅमेऱ्यानं ठेवलं म्हणून डोकं सोडून देतं. बाबा मेनूकार्ड हातात घेतील तेव्हा एखादा फोटो काढा, मग फोन पिशवीत टाका.

ज्या दिवशी तिघं जाल त्या दिवशी मेनूकार्ड त्यांच्याच हातात द्या. त्यांना पहिल्या पानापासून वाचू द्या, वेळ लागू द्या. ते तुम्हा दोघांसाठी मागवतील आणि बहुतेक म्हणतील, ‘मला फारशी भूक नाही रे.’ जुनी सवय आहे, सुटणार नाही. तेव्हा दादाला बोलू द्या. वाढप्याला त्यानं तीन प्लेटा सांगू देत.